पायावरची नाडी

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक पेन्शनीत गेलेली असतात. मी अजून तिशीलाही पोचलेले नाही, आणि आमच्या खात्यात बढती म्हणजे मोडक्या खुर्चीच्या जागी जरा कमी मोडकी खुर्ची. तरी संपादकांनी लिहायला सांगितलं, कारण त्यांच्या मते माझं काम वेगळं आहे. वेगळं त्यात काही नाही. बसवून ठेवलेल्या पोरांना मी उभं करते.

माझं शिक्षण व्यायामोपचाराचं, म्हणजे फिजिओथेरपीचं. मोडून जुळलेले हात, आखडलेले गुडघे, लकव्यानं लुळी पडलेली माणसं हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. पण औरंगाबादच्या आमच्या दवाखान्यात आठवड्यातला एक वार शुगरच्या पोरांचा असतो, आणि त्या वारी मला वरच्या मजल्यावर बोलावतात. शुगर म्हणजे पोट सुटलेल्या शेठजींचा आजार, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या दिवशी येऊन आमचा बाक बघावा. बाकावर बसलेल्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

या पोरांचं शरीर इन्सुलिन बनवत नाही. ते रोज टोचून घ्यावं लागतं, आयुष्यभर. टोचलं नाही तर रक्तात साखर साचते आणि मूल बेशुद्ध होतं. जास्त टोचलं किंवा पोटात काही नसलं तर साखर धपकन उतरते. घाम फुटतो, हात कापतात, मूल भलतंच बोलायला लागतं आणि पडतं. हे दोन्ही लगेच दिसतं, म्हणून आईबाप त्यालाच भितात. पण साखरेचं एक काम गुपचूप चालतं. ती रक्तवाहिन्यांना आतून खरवडत राहते. वाहिनीचं आतलं अस्तर गुळगुळीत असतं, ते खडबडीत होतं. वाहिनी ताठर होते, अरुंद होते. डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या वाहिन्या तर केसाहून बारीक; त्या आधी जातात. मग पायांच्या, मग काळजाच्या. पंधरा-वीस वर्षांनी, ऐन उमेदीत, माणूस दवाखान्यात येतो आणि म्हणतो, अचानक झालं हो. अचानक काही झालेलं नसतं.

यावर औषध आहे, आहार आहे, आणि तिसरी गोष्ट म्हणजे पाय. मूल धावलं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. शिवाय रक्त जोरात वाहतं, तेव्हा वाहिनी रुंद होते, थांबलं की पुन्हा आवळते. हा तिचा स्वतःचा व्यायाम. रोज झाला तर ती लवचिक राहते. माझ्या टेबलाच्या खणात रबरी नळीचे दोन तुकडे असतात, एक नवा आणि एक जुन्या शेगडीचा, ताठ झालेला. पोरांच्या हातात दोन्ही देते आणि वाकवायला सांगते. जुना कडकन तडकतो. पोरं एकमेकांकडे बघतात. मला पुढं फार बोलावं लागत नाही.

बोलायची मला खरं तर सवय आहे. मी पत्रकांत वाढले. वडील चिकलठाण्याच्या एका ओतकाम कारखान्यात. पाळी संपवून आले की घरात माणसं जमायची आणि विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं निघायची. शाळेतून आले की मी आणि भाऊ पत्रकं घड्या घालून रचायचो. बोटांना शाई लागलेली, त्याच बोटांनी भाकरी. मी पहिलं वाक्य लिहिलं ते पत्रकातलंच, आणि अजूनही मला उद्गारचिन्हाशिवाय लिहायला जड जातं. माझ्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. ते आत येऊन बसले ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली, की कुणालाही बाजूला बसवलेलं दिसलं की माझं डोकं आपोआप तापतं.

आणि या पोरांना सगळेच बाजूला बसवतात. त्याला शाळेत 'सूट' म्हणतात. पीटीच्या तासाला सूट, सहलीला सूट, स्नेहसंमेलनात नाचाला सूट. शुगरचं पोर म्हणजे मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं सांभाळणारं पोर. एका मुख्याध्यापकांना मी यासाठी भेटले. ते म्हणाले, "बाई, ग्राउंडवर पडलं तर जबाबदार कोण?"

"आणि बसून बसून वीस वर्षांनी पडलं तर, सर?"

"तोवर मी रिटायर होतो," ते शांतपणे म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

याच्या उलटी तऱ्हाही असते. वाळूजला कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले आणि तिथले एक सुपरवायझर आपल्या मुलाला घेऊन आले. व्यायाम हवा म्हटल्यावर त्यांनी शिट्टी विकत आणली. रोज संध्याकाळी कॉलनीभोवती पोराला पळवायचे आणि स्वतः कोपऱ्यावर उभे राहून शिट्टी फुंकायचे. पोर रडकुंडीला आलं. मी म्हटलं, "साहेब, त्याला खेळू द्या." ते गंभीर झाले. "खेळू द्या म्हणजे नेमकं किती मिनिटं? टार्गेट सांगा." शेवटी मी सांगितलं की तुम्हीही त्याच्याबरोबर पळा. पुढच्याच आठवड्यात शिट्टी बंद झाली आणि बापलेक सायकलवर फिरायला लागले.

पण मला सांगायची आहे ती मंजुळाची गोष्ट.

मंजुळाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उस्मानपुऱ्यात मामाकडे येऊन वर्ष होत आलं होतं. अकरा-बारा वर्षांची पोर. आईवडील मेंढपाळ, कन्नडच्या अलीकडं त्यांची वस्ती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, खानदेशातल्या शेतांतून मेंढरं फिरवायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. मामा रंगनाथ मात्र शिकून वाळूजच्या कंपनीत लागलेले. त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या एकीत फ्रीज होता. त्या फ्रीजसाठी मंजुळा शहरात आली होती. त्यात तिच्या इन्सुलिनची बाटली राहायची.

मामा-मामी तिला रिक्षातून आणायचे. मामी तिला दंडाला धरून जिना चढवायची. पोरीचे पाय मऊ होते, चेहरा सुजल्यासारखा, नजर खाली. इन्सुलिनचा डोस दर दोन-तीन महिन्यांनी वाढत चालला होता.

"दिवसभर काय करतेस गं?" मी विचारलं.

उत्तर मामीनं दिलं. "काईच करू देत नाय ताई. पाण्याचा तांब्यासुदा हातात आणून देती मी. गॅलरीत बसती, खालची पोरं खेळत्यात ती बघती."

हे ती इतक्या मायेनं सांगत होती की मला रागावताही येईना. मी मंजुळाच्या पायाशी बसले. घोट्याच्या खाली, पावलाच्या उंचवट्यावर बोटं ठेवली. तिथं एक नाडी लागते. पायापर्यंत रक्त नीट पोचतं की नाही, ते ती सांगते. मी प्रत्येक पोराला त्याची नाडी त्याच्याच बोटानं शोधायला लावते. मंजुळानं बोट ठेवलं, सरकवलं, मग चमकून म्हणाली, "हितं कोकरू हाय."

"काय?"

"कोकरू उचललं ना, की छातीत असंच उडत असतं त्याच्या."

तिला एवढं बोलताना मामीनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी विचारलं, गावाकडं काय करायचीस? आणि पोर सुटलीच. सकाळी आई भाकरी थापते तवर जाळीत कोंडलेली कोकरं बाहेर काढायची. मग इंजेक्शन, भाकरी, आणि कळपामागं तळ्याच्या अंगानं टेकाड चढायचं. पल्याड उतरायचं. दुपारी सावलीला टेकायचं आणि उन्हं उतरली की फिरून यायचं.

"दमायची नाहीस?"

"मेंढरं दमत नायत, मंग म्या का दमू?"

आमच्या डॉक्टर मॅडम शेजारच्या टेबलावर लिहीत होत्या. त्यांचा हात थांबला होता. "इंजेक्शन कुठं टोचायचे?" त्यांनी विचारलं.

"मांडीत."

"आणि लगेच चढण?"

"व्हय."

मॅडम मामांकडे वळल्या. "ही रोज इतकं चालते, हे मला त्या वेळी कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तुमी इचारलंच नाय," मामा म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच होतं ते.

झालं होतं ते असं. मंजुळाला पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हा ती आमच्याकडेच भरती होती. वॉर्डात ती खाटेवर पडून. तपासण्या झाल्या, डोस बसला, चिठ्ठी लिहून दिली आणि पोर घरी गेली. घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत टेकाडावर कोसळली. तोंडाला फेस, डोळे पांढरे. जत्रेसाठी गावी आलेल्या मामांनी तिला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत पळत आणलं आणि जीपमध्ये टाकलं. वाटेत कुणीतरी तोंडात गूळ चोळला म्हणून वाचली. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. पोर चालल्यामुळं पडली. आता हिला चालवायचं नाही.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "ती चालल्यामुळं नाही पडली," त्या म्हणाल्या. "खाटेवर पडलेल्या पोरीला जेवढं औषध लागलं तेवढं मी लिहून दिलं. डोंगर चढणाऱ्या पोरीला तेवढं लागत नव्हतं. त्यात मांडीत टोचून लगेच चढण. पाय हलले की तिथलं औषध भराभर रक्तात उतरतं. चूक तिच्या पायांची नाही. माझी आहे."

मोठ्या डॉक्टरला असं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मामांनीही नसावं. पण त्यांना पटलं नाही. मॅडम म्हणाल्या, डोस बेतानं कमी करू आणि हिला हळूहळू चालती करू. बसून राहिली तर डोस वाढतच जाईल, आणि वाहिन्यांचं नुकसान आज दिसणार नाही, पण होईल.

"नाय मॅडम," मामा म्हणाले. "म्या खांद्यावर घातलं व्हतं तिला. मान अशी लोंबत व्हती. तुमी पाहिली नाय ती मान. बहिणीनं लेकरू माझ्या भरवशावर ठिवलंय. माझ्या घरात बसल, पर जित्ती राहील."

"अशी बसवून ठेवलेली जिती?" मी म्हटलं, आणि मग जे व्हायचं तेच झालं. मी बोलत सुटले. दाराबाहेर बसवलेले माझे आजोबा आले, समता आली, मायेनं केलेला अन्याय हाही अन्यायच असतो हे आलं. वाक्यं चांगली होती. चौकात टाळ्या पडल्या असत्या.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, तुमचं हे मोर्चात लई शोभल," ते म्हणाले. "हितं लेकराचा जीव हाय. अन् तिकडं धाडलं तर बाटली कुठं ठिवायची? मेंढराच्या पाठीवर फ्रीज बांधू?"

त्यांनी मंजुळाला उचलल्यासारखं उठवलं आणि नेलं. जिन्यावरून तिनं मागं वळून पाहिलं. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "घोषणा त्या माणसासाठी नाहीत गं. तो घाबरलाय."

मामांना नामांतराशी देणंघेणं नव्हतं. ते आंदोलनाच्या बाजूचे नव्हते, विरोधातलेही नव्हते. बंद झाला की पाळी बुडते, एवढाच त्यांचा हिशोब. त्या दिवसांत बंद वरचेवर व्हायचे. विद्यापीठाच्या नावावरून शहर तापलेलं असायचं; एस.टी. डेपोत उभ्या, कंपन्यांच्या बस बंद, रिक्षा गायब, चौकाचौकात पोलीस. अशाच एका बंदच्या दिवशी आमचा शुगरचा वार आला. बाक रिकामा होता. मी घरून चालत पोचले होते आणि आज कुणी येणार नाही म्हणून खणातली जुनी रबरी नळी नवी करता येते का बघत बसले होते.

जिन्यात धापा ऐकू आल्या. आधी मामी, तिच्या हाताला मंजुळा, आणि मागून घामानं निथळलेले मामा.

"तुमच्या बंदनं चालवलं माझ्या लेकराला!" ते दारातूनच ओरडले. "सकाळी टोचलं अन् बाटलीत थेंब राहिला नाय औषधाचा. रिक्षा नाय, काय नाय. उस्मानपुऱ्यापासून पायी आलो. तिला काय झालं ना, तर ताई, तुमाला..."

वाक्य पुरं करायला दम उरला नव्हता. मी मंजुळाला बसवलं, तळहात पाहिला. गरम, कोरडा. थरथर नाही. दोन बिस्किटं दिली. गालांवर रंग होता. मामांकडे बघून ती फुसकन हसली. "मामा लई हापतो."

तेव्हा आमच्याकडे साखर तपासायची साधी रीत होती. परीक्षानळीत निळं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळा रंग निळाच राहतो. थोडी असली तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि फार असली तर विटकरी. मंजुळाची नळी मी विटकरीशिवाय पाहिली नव्हती. मामा-मामींनाही तो रंग पाठ होता.

त्या दिवशी नळी हिरवी झाली आणि हिरवीच थांबली.

मामांनी ती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेली. "आतलं औषध बदललं का काय?"

"नाही."

"पुन्यांदा करा."

पुन्हा केली. पुन्हा हिरवी. नळी गार होईपर्यंत मामा ती हातात धरून उभे होते. मॅडमनी येऊन आमच्या उत्साहावर पाणी टाकलं. एका नळीवरून काही ठरत नाही, त्या म्हणाल्या. पण पुढं काय करून बघायचं ते मात्र यावरून ठरवता येईल. मग मामीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही न्याल का हिला रोज फिरायला?"

मामीनं नवऱ्याकडे न बघताच सांगितलं, "नेती की. मलाबी बसून बसून गुडघं धरल्यात."

पुढचे काही महिने मामी आणि मंजुळा रोज संध्याकाळी मैदानावर जायच्या. नियम साधे होते. चालायच्या दिवशी मांडीत टोचायचं नाही, पोटावर टोचायचं. निघण्याआधी अर्धी भाकरी. कमरेला साखरेची पुडी. एकटीनं जायचं नाही. उघड्या पायानं तर मुळीच नाही, कारण शुगरच्या पायाला काटा टोचला तर तो चिघळतो. रात्री निजण्याआधी पाऊल उलटून बघायचं. मॅडम डोस थोडा थोडा उतरवत होत्या. नळीचा रंग कधी हिरवा, कधी पिवळा आणि कधी हट्टानं विटकरीच. सरळ रेघेत सुधारणारं शरीर मी अजून पाहिलेलं नाही.

एकदा मैदानातच मंजुळाला कापरं भरलं. त्या दिवशी तिनं लिंबाच्या झाडापर्यंत मुलींशी शर्यत लावली होती. मामीनं घाम पाहिला, पुडी फोडली, साखर तोंडात घातली आणि तिला मांडीवर घेतलं. थोड्या वेळात पोर उठली आणि तिनं विचारलं, "म्या जिकली का?"

दुसऱ्या दिवशी मामी एकटी दवाखान्यात आली. मला वाटलं, आता हे बंद. मामी म्हणाली, "ताई, काल माझं भ्या गेलं. पडती कशी ते बघितलं, अन् उठती कशी तेबी. ह्यांनी निस्तं पडतानाच बघितलंय ना, म्हणून ह्यांचं जात नाय."

दिवाळी तोंडावर आली आणि मंजुळाचे वडील, म्हाळूआबा, दवाखान्यात आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात जाड वहाणा. दिवाळी झाली की कळप घाट उतरणार होता. मंजुळाला न्यायचं की ठेवायचं, हे त्या दिवशी ठरायचं होतं.

मी खणातून नळ्या काढल्या. म्हाळूआबांनी जुनी नळी वाकवली, तडकल्याचं पाहिलं, नवी वाकवली. मग आपल्या वहाणेची वादी चाचपत म्हणाले, "वादीचं असंच असतं. पायात रोज असली तर मऊ. खुंटीला टांगून ठिवली की लाकूड व्हती. मंग घालायला जावं त तुटती."

"अगदी तसंच, आबा."

"म्हंजी रंगनाथा," ते मेव्हण्याकडे वळले, "तू माझी वहाण खुंटीला टांगली व्हय रं?"

मामांचा चेहरा उतरला. "दाजी, म्या जपली तिला."

"जपली, ते दिसतंय. नाय कोण म्हणतंय?"

"अन् बाटली? फ्रीज कुठाय तिकडं?"

याचं उत्तर मॅडमकडे होतं. वीज नसलेल्या खेड्यांत त्या हेच सांगत आल्या होत्या. मातीचं बुटकं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत डबी, डबीत बाटली. वरून ओलं फडकं. सावलीत राहिलं की औषध टिकतं. म्हाळूआबांनी मडक्याची जागा लगेच ठरवली. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यावर, घोंगडीच्या आड, डाव्या अंगाला. उत्तरेकडं चालताना डाव्या अंगाला दुपारपर्यंत ऊन लागत नाही.

"आणि ती पडली तर?" मामा अजून अडून होते. "तिकडं रानात कोण हाय?"

मॅडम म्हणाल्या, "तिलाच विचारू या का?"

सव्वा-दीड वर्षात हे कुणी केलं नव्हतं. मीही नाही. मंजुळा फरशीवर बसली होती. ती उठली, मामांच्या जवळ गेली आणि त्यांचा शर्ट चिमटीत धरला.

"मामा, तुझ्या घरी मला समदं हाय," ती म्हणाली. "फकस्त पाय नायत."

मामा खिडकीकडे वळले. मामी डोळे पुसत म्हणाली, "पुड्या म्या शिवून देती. कमरंला, गळ्याला, अन् एक घोड्याला."

कळप निघायच्या पहिल्या दिवशी सोबत जायचं काम मॅडमनी मला दिलं. मंजुळाचा डोस कळपाच्या चालीला बसतो की नाही, ते बघायचं आणि गडबड झाली तर तिथूनच तिला परत आणायचं, एवढी स्पष्ट सूचना होती. मामा एस.टी.त माझ्या शेजारी येऊन बसले. "घाटाच्या तोंडापत्तुर येतो निस्ता," ते म्हणाले. पायात कंपनीचे काळे बूट होते.

कळप घाटाला लागला तेव्हा ऊन कोवळं होतं. एका अंगानं ट्रक घरघरत चढत होते, दुसऱ्या अंगानं मेंढरं उतरत होती. मंजुळा सुरुवातीला आईच्या बरोबर चालली. पहिल्या वळणावर एक कोकरू मागं राहिलं, तशी ती वळली, त्याला काखेत घेतलं आणि पुढं गेली. दुसऱ्या वळणावर ती मला दिसेनाशी झाली. घाटाचं तोंड केव्हाच मागं पडलं होतं, पण मामा परतले नाहीत. हातात एक जादा पुडी घेऊन ते मेंढरांच्या गर्दीतून वाट काढत होते आणि ओरडत होते, "मंजे, थांब! खाल्लंस का? अगं, घाम आला का बघ!"

"मामा, तुलाच आलाय!" वळणापलीकडून आवाज आला.

अर्ध्या घाटात एका झाडाखाली थांबलो. मी तिचा तळहात पाहिला, तिनं चतकोर भाकरी खाल्ली. पायथ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलायला बराच वेळ होता. मंजुळाच्या आईनं तीन दगडांची चूल मांडली आणि तिच्या जाळावर मी परीक्षानळी धरली. सगळं बिऱ्हाड भोवती उभं. निळं द्रावण उकळलं आणि हिरवट झालं. म्हाळूआबांनी मान हलवली, जणू मेंढरू नीट आहे की नाही एवढंच बघायचं होतं, आणि ते जाळी ठोकायला गेले. मंजुळा नळी बघायला थांबलीच नाही. ती कोकरं आयांकडं सोडत होती.

सगळ्यांचं असं झालं नाही. खुलताबादहून एक मुलगी यायची, शांत, हुशार. तिच्या शाळेनं सूट दिली, घरानं ती मानली, आणि एका वारापासून ती यायची थांबली. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा दाराला कुलूप होतं. त्याच हिवाळ्यात नामांतराचा निर्णय झाला. चौकात निळा गुलाल उडाला, वडील रडले, मीही त्यात होते. पण गुलाल धुताना मला त्या मुलीची आठवण आली. काही सूट रद्द करायला मोर्चा निघत नाही. दारोदार जावं लागतं, आणि कधी कुलूप लागतं.

पण त्या संध्याकाळी पायथ्याशी मामा एका दगडावर बसले होते. बूट आणि घामानं भिजलेले मोजे काढून ठेवलेले. चाळीसगावकडून येणारी एस.टी. धरून आम्हाला परत जायचं होतं. पलीकडे मंजुळाचा हाका मारण्याचा आवाज येत होता. ती त्या कोकरांना नावानं हाका मारते, हे मामांना तोवर माहीत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "ती दमली नाय. म्याच दमलो."

"हं."

"ती पायातली नाडी कुठं असती? दाखवा बरं."

मी त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्याच पावलाच्या उंचवट्यावर ठेवलं. घाट उतरून आलेलं रक्त तिथं जोरात उडत होतं. मामा बराच वेळ बोट न हलवता बसून राहिले. एस.टी. आली, कंडक्टरनं घंटी मारली, तरी त्यांचं बोट तिथंच होतं.